फक्कीने आखलेलं हॉस्टेल

अरे बसा बसा, आधी बसा. स्वप्नील, चहा सांग, आणि मी बोलत असताना मधे तोंड घालू नकोस. दर्शना, तू पण. कारण मी धावत आलेय, आणि उलटसुलट सांगितलं तर सगळी मजा जाईल.

आज आमच्या व्हीसी मॅडम मैदानावर आडव्या झोपल्या होत्या. व्हीसी म्हणजे कुलगुरू रे! ज्यांची गाडी आली की गेटवरचा वॉचमन हातातला वडापाव खिशात टाकतो, त्या. कॉटनची साडी, गळ्यात चष्म्याची दोरी, मातीत सरळ उताण्या. आणि बाजूला रजिस्ट्रार अजित सर उभे, त्यांना कळेना वर बघू की खाली बघू.

हसू नका ना! हसण्यासारखं नाहीये ते. म्हणजे आहे, पण नाहीये.

ओके. सुरुवातीपासून. कालिंदी तळवडेकर. आम्ही केटी मॅम म्हणतो. स्वप्नील, तू हसणार मला माहीत होतं. हो, आर्किटेक्चरला त्यांच्याच विषयात सगळ्यात जास्त जणांना केटी लागायची, म्हणजे विषय राहायचा, म्हणून ते नाव आणखी चिकटलं. करी रोडच्या चाळीतल्या. वडील गिरणीत साचे चालवायचे, संपात गिरणी गेली तेव्हा ह्या आमच्याच कॉलेजात शिकत होत्या, आणि पास झाल्या झाल्या तिथेच शिकवायला लागल्या. सगळे बॅचमेट बिल्डरांकडे गेले, दुबईला गेले, ह्या आपल्या खडू घेऊन वर्गात.

आणि पहिल्याच वर्षी त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, लक्ष्मी. कणकवलीची. मॅम अजून सांगतात, तिच्यासारखी रेष कुणाचीच नव्हती. पण राहायची कुठे, तर भायखळ्याला लांबच्या काकांकडे, एका खोलीत सात माणसं. ड्रॉइंग बोर्ड उघडला की काकी म्हणायच्या, आता पोळ्या कुठे लाटू? थर्ड इयरला काकांनी सांगितलं, तुझं तू बघ. आणि ती बघायला गेली ती गावाला, परत आलीच नाही.

तर मॅम गेल्या एचओडींकडे. शरच्चंद्र पेठे सर. गिरगावातले, एकदम कडक इस्त्री, बोलणं पुस्तकातून काढल्यासारखं. मॅम म्हणाल्या, सर, मुलींचं हॉस्टेल पाहिजे. सर म्हणाले, "कालिंदी, मागणी योग्य आहे. परंतु हे विभागप्रमुखाच्या अखत्यारीत येत नाही. प्राचार्यांचा विषय आहे."

प्राचार्य म्हणाले, हा युनिव्हर्सिटीचा विषय. युनिव्हर्सिटीत कुणीतरी म्हणालं, असा प्रस्ताव लेक्चररने आणायचा नसतो, एचओडीने आणायचा.

दुसरं कुणी असतं तर घरी गेलं असतं. मॅम एचओडी झाल्या.

अरे खरंच! पीएचडी केली, पेठे सर रिटायर झाले, खुर्ची मिळाली, दुसऱ्या दिवशी प्रस्ताव. त्याला उत्तर आलं की प्राचार्यांमार्फत पाठवा. मग प्राचार्य झाल्या. तेव्हा कळलं की जागा युनिव्हर्सिटीची आहे, त्यामुळे डीनने मांडलं तरच पुढे सरकेल. डीन झाल्या. डीन झाल्यावर सांगितलं, मॅडम, जागेचा निर्णय कुलगुरूंच्या पातळीवर होतो. मॅम म्हणे शांतपणे खाली आल्या, कॅन्टीनमध्ये कटिंग मागवला, आणि आमच्या सुमेधा मॅमना म्हणाल्या, "म्हणजे आता तिथपर्यंत जावं लागणार." जसं काय लालबागहून परळला जायचंय!

आणि गेल्या ना. कुलगुरूपदाच्या इंटरव्ह्यूला बाकीचे सगळे प्रेझेंटेशन घेऊन आलेले, ग्लोबल रँकिंग, दोन हजार पन्नासचं अमुक, एआयचं तमुक. मॅमना विचारलं, तुमचं व्हिजन काय? मॅम म्हणाल्या, "परळला कॉलेजच्या मागचं मैदान रिकामं आहे. तिथे मुलींचं हॉस्टेल." कमिटीला वाटलं पुढे काहीतरी बोलतील. पुढे काही नव्हतंच. मग कमिटीने बाकीचं विचारलं, तेही सगळं येत होतं, आणि राज्यपालांच्या सहीचं पत्र आलं.

आता तुम्ही म्हणाल, झालं, बांधा. तसं नसतं बाबा. वरती मॅनेजमेंट कौन्सिल असते. व्यवस्थापन परिषद. कुलगुरू अध्यक्ष, पण ठराव परिषदेने पास करायचा. पहिली वर्षं सरकारी मंजुरीत गेली, मग निधीत गेली, मग कोणीतरी त्याच मैदानावर प्रशासकीय भवन आणि पार्किंगचा प्रस्ताव टाकला. असं करत करत मॅमची टर्म संपत आली. आजची कौन्सिलची मीटिंग शेवटची. आज हॉस्टेल पास झालं तर झालं. नाहीतर नवीन व्हीसी येणार, आणि पार्किंग रांगेत उभंच आहे.

कळलं ना किती टाइट होतं ते? हां.

त्यात मॅमची एक पद्धत आहे. पहिल्या दिवसापासूनची, आणि व्हीसी झाल्या तरी आमचा एक वर्ग घेतातच. कागदावर प्लॅन कितीही भारी दिसू दे, त्या मानत नाहीत. त्या मुलांना खाली ग्राउंडवर नेतात, हातात फक्की देतात, आणि म्हणतात, आखा. खऱ्या मापात. आपण कबड्डीचं मैदान आखतो ना त्या पांढऱ्या पावडरने, तसंच. इथे भिंत, इथे दार, इथे मोरी. आणि मग म्हणतात, आता राहून दाखवा. मी सेकंड इयरला एक बंगला केला होता, कागदावर एक नंबर. फक्कीत उभी राहिले तेव्हा कळलं की टॉयलेटचं दार उघडल्याशिवाय किचनमध्ये जाताच येत नाही. सगळा वर्ग लाइन लावून माझ्या टॉयलेटमधून किचनमध्ये गेला. आयुष्यभर विसरणार नाही.

तर आज सकाळी व्हीसी ऑफिसमधून मेसेज आला, पाचव्या वर्षाच्या मुलींनी मैदानावर यावं. गेलो. वैभवदादा, आपला कबड्डीवाला, फक्कीच्या गोण्या घेऊन हजर. आणि मॅम पदर खोचून, टेपचं एक टोक स्वतः धरून उभ्या. मला बघून ओरडल्या, "आरोही, दुसरं टोक धर! ड्रॉइंग बोर्ड बघतेस काय, जमीन बघ!"

आणि यार, आम्ही हॉस्टेलचा एक अख्खा मजला आखला. लांबच्या लांब बिल्डिंग. मधोमध मोठ्ठा हॉल आणि त्यात रुंद जिना, दोन्ही बाजूंना मिळून नऊ खोल्या, आणि समोरून ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत सलग गॅलरी. सगळी दारं गॅलरीत. चाळ रे, चाळ! आपलीच चाळ, फक्त नवी कोरी. हा प्लॅन मॅमनी लक्ष्मी गेली त्या वर्षी काढलेला. नंतर प्रत्येक पोस्टवर परत काढला, आधी हाताने, मग कॉम्प्युटरवर, पण गॅलरी कधी हलली नाही. मॅम सांगत होत्या आम्हाला, "गावाहून आलेल्या मुलीला पहिल्या दिवशी एकटं वाटतं. गॅलरीत आली की कुणीतरी असतंच. मी गॅलरीत अभ्यास केला, गॅलरीत रडले, लग्नाला नाही म्हटलं तेही गॅलरीतच." आम्ही सगळ्या एकदम इमोशनल.

मग कौन्सिलचे मेंबर आले. दुपारी मीटिंग होती, त्याआधी मॅमनी त्यांना मुद्दाम बोलावलेलं. सात-आठ जण, सुटाबुटात, फक्की पायाला लागेल म्हणून जपून चालत. आणि सगळ्यांना प्लॅन जाम आवडला. सगळ्यांना! एक अभय सर म्हणून आहेत, ते गॅलरीच्या टोकाला उभे राहिले आणि म्हणाले, "वा मॅडम! वॉर्डनची खुर्ची इथे टाकली की सगळीच्या सगळी दारं दिसतात. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता. एक बाई पुरेल." दुसरे म्हणाले, "पालक निर्धास्त!" तिसरे म्हणाले, "कॅमेरासुद्धा एकच लागेल."

मी मॅमकडे बघितलं. त्या हसत होत्या, पण कसं असतं ना, फोटोसाठी हसायला सांगितलं आणि फोटो काढणाऱ्याला बटणच सापडत नाहीये, तसं.

आणि तेवढ्यात अक्षदाचं झालं. अक्षदा माहितीये ना तुला, दर्शना? देवगडची. मामाकडे राहते करी रोडला. बोलत नाही फार. तर आम्हाला मॅमनी सांगितलेलं, प्रत्येकीने एकेक खोली घ्या आणि राहा. मी तीन नंबरमध्ये खोटा खोटा चहा करत होते. अक्षदाने चार नंबरमध्ये जिथे पलंग आखला होता तिथे ओढणी अंथरली आणि आडवी झाली. आणि गॅलरीतून ते मेंबर लोक आले बोलत बोलत. त्यांचे बूट हिच्या उशीपासून हातभर लांब. ही ताडकन उठली, ओढणी सारखी केली, आणि कोपऱ्यात जाऊन पाठ करून उभी राहिली.

मॅमनी बघितलं. आल्या. "काय गो, उठलीस का?"

"काही नाही मॅम."

"पाय दुखला? खडा टोचला?"

"नाही मॅम. ते... सर लोक बघत होते."

"अगं, भिंत आहे तिथे. दिसत नाही म्हणून काय झालं, आहे."

तर अक्षदा, जिने पाच वर्षांत वर्गात पाच वाक्यं बोललेली नाहीत, ती म्हणाली, "भिंतीत खिडकी आहे ना मॅम. ती गॅलरीतच उघडते."

मॅम म्हणाल्या, "पडदा लावायचा."

मग माझं तोंड थांबेना. तुम्हाला माहितीये मी कशी आहे. मी म्हटलं, "मॅम, पडदा लावला की हवा बंद. आणि पडदा लावला की विचारतात, का लावला. आमच्या डिलाईल रोडच्या चाळीत मी कुठला ड्रेस घालून बाहेर पडले हे आईच्या आधी जाईबाईंना माहीत असतं, कोपऱ्यावरच्या खोलीतल्या. सबमिशनला उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी सगळा मजला मला विचारतो, गाडीवरून सोडायला आला तो कोण होता? मॅम, तो ओलावाला होता. पैसे देऊन आणलेला! मला हॉस्टेल मिळालं ना, तर पहिलं काय करीन सांगू? दार लावीन. आणि कुणाला माहीत नसेल की मी आत काय करतेय. झोपा काढत असले तरी."

कुणीतरी मागून हळूच म्हणालं, मी पण.

मॅम माझ्याकडे बघत होत्या. मला वाटलं गेले मी. थिसिसची वाट लागली. आणि त्या एकदम घरच्यासारख्या मालवणीत बोलल्या, "खंयची म्हणालंस तू? डिलाईल रोड?"

"हो मॅम."

"आणि तुका गॅलरी नको?"

"आमच्या आजीला पाहिजे मॅम. मला नको."

तेव्हा मॅम आडव्या झाल्या रे! चष्मा काढून माझ्या हातात दिला, चार नंबरच्या पलंगावर, अक्षदाच्या ओढणीवर, सरळ. आणि आवाज दिला, "अजितराव! गॅलरीतून चालत जा."

रजिस्ट्रार सर म्हणाले, "मॅडम?"

"चाला हो. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत. नेहमीसारखं."

"मॅडम, तुम्ही अशा झोपलेल्या, मी बाजूने... बरं दिसत नाही ते."

"काय दिसत नाही?"

"बरं दिसत नाही, मॅडम."

"हो ना?" मॅम तशाच पडून आकाशाकडे बघत होत्या. "मी साठी ओलांडलेली बाई, व्हीसी आहे, तरी बरं दिसत नाही. आणि ही तर एकवीसची आहे."

उठल्या. पाठीला सगळी फक्की. सुमेधा मॅम झटकायला गेल्या तर त्यांचा हात बाजूला केला. आणि मला म्हणाल्या, "झाडू आण."

मला कळेना. म्हटलं, मॅम, कशाला?

"गॅलरी पुसायची."

भाई, मीटिंग दोन-अडीच तासांवर! अजित सर अक्षरशः पुढे आले, हात जोडले. म्हणाले, "मॅडम, अहो पास होतंय! सगळ्यांना आवडलंय! आज आहे तसा ठराव करून घ्या, बदल नंतर बघू."

मॅम म्हणाल्या, "नंतर कोण बघणार, अजितराव? मी नसणार. आणि ह्या लोकांना ही गॅलरी कशासाठी आवडली ते मी आत्ता ऐकलं. ते बदलतील?"

मग जे सुरू झालं ना! वैभवदादाने झाडूने गॅलरी उडवली. मॅमनी मधला मोठा हॉल उडवला, तो रुंद जिना पण. मला तर वाईट वाटलं, किती मस्त होता तो जिना. मॅम म्हणाल्या, "ह्या जिन्यावर माझा फार जीव होता. पूस." आणि त्या एका मोठ्या जिन्याचे चार छोटे जिने केले. म्हणजे कसं, जिना चढून वर आलं की समोरासमोर फक्त दोन दारं. तुझं आणि समोरचीचं. बाकी कुणी तुझ्या दारावरून जायचा प्रश्नच नाही. आणि जी गॅलरी होती तिचे तुकडे झाले, प्रत्येक खोलीला आपली आपली बाल्कनी. बाहेरची रेष होती तिथेच ठेवली, जागा तेवढीच. आम्ही टेप घेऊन पळतोय, कुणी फक्की सोडतंय, कुणी ओरडतंय, नऊ इंच! नऊ इंच सरक! अक्षदा, जी कधी बोलत नाही, ती वैभवदादाला झापत होती, "अहो तुम्ही कबड्डीची लाइन मारताय काय, भिंत आहे ती!"

एक खोली गेली मात्र. प्रत्येक मजल्यावर नवाच्या आठ झाल्या. मॅमनी त्या जागेवर पावलांनी तीन पलंग मोजले. तीन मुली मावल्या असत्या तिथे, प्रत्येक मजल्यावर. मग म्हणाल्या, "चला, पुढे."

तेवढ्यात पेठे सर आले. शरच्चंद्र सर, तेच, पहिले एचओडी. हो, आहेत ना अजून, कौन्सिलवर ज्येष्ठ सदस्य म्हणून नेमलेत. छत्री टेकत आले, कडेला उभे राहिले, आणि म्हणाले, "कालिंदी, अजेंड्याबरोबर मला जो नकाशा पाठवलास, तो हा नव्हे."

"नाही सर. हा आत्ताचा."

"ज्यूरीपुढच्या परीक्षेच्या दिवशी डिझाइन बदलणाऱ्या विद्यार्थ्याचं आपण काय करत असू?"

"तुम्ही नापास करायचात सर."

"आणि तू?"

"मी पण करायचे."

"मग?"

मॅम म्हणाल्या, "मग करा नापास. पण चुकीचं ड्रॉइंग लावून पास व्हायचं मला शिकवलं नाहीत तुम्ही."

सरांनी फक्त छत्रीने एक रेघ दाखवली, ही वाकडी आहे म्हणून. आणि होती रे वाकडी!

मीटिंग वर एसी हॉलमध्ये होती. मॅमनी अजित सरांना सांगितलं, इथेच खुर्च्या टाका. ते म्हणाले, असं कधी झालेलं नाही. मॅम म्हणाल्या, बैठकीची जागा कोण ठरवतं? अध्यक्ष. अध्यक्ष कोण? झालं. मैदानातल्या त्या वडाच्या बाजूला खुर्च्या लागल्या, आम्हाला सांगितलं लांब उभ्या राहा. आम्ही लांबच उभ्या राहिलो, म्हणजे ऐकू येईल एवढ्या लांब.

अभय सर तर भडकलेच. "मॅडम, सकाळी सुंदर होतं! आता वॉर्डन कुठून बघणार?"

"बघणार नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे वॉर्डन खाली गेटवर असेल. आजारी पडलं तर धावेल, कुणी त्रास दिला तर उभी राहील. दारं बघत बसणार नाही."

"आणि पालकांना काय उत्तर द्यायचं? काही झालं तर?"

"पालकांना मी उत्तर देईन. पस्तीस वर्षं पालकांनाच तर उत्तरं देतेय. मुलींची बाजू ऐकून घ्यायला मात्र आजचा दिवस उजाडावा लागला. ती चूक माझी."

एक जण म्हणाले, चार जिने म्हणजे खर्च वाढला. मॅम म्हणाल्या, वाढला. दुसरे म्हणाले, खोल्या कमी झाल्या. मॅम म्हणाल्या, झाल्या. काही लपवलंच नाही! मला आतून वाटत होतं, मॅम, थोडं तरी गोड बोला, पास करून घ्या ना. पण नाही. जे विचारलं त्याला सरळ उत्तर.

मग पेठे सर उभे राहिले. म्हणाले, "कुलगुरू महोदया, माझा आक्षेप नियमाचा आहे. परिषदेपुढे नसलेला नकाशा परिषद मंजूर करू शकत नाही. हा विषय पुढच्या बैठकीत घ्यावा."

पुढची बैठक म्हणजे नवीन व्हीसी. सगळ्यांना माहीत होतं. त्यांनाही.

मॅम म्हणाल्या, "सर, नकाशा परिषदेपुढे आहे. इतका पुढे कधीच नव्हता. उठून दोन पावलं चाललात तर आतच जाल. बिल्डिंगची बाहेरची रेष, जागा, मजले, अजेंड्यात आहे तेच आहे. आतल्या भिंती बदलायचा अधिकार परिषदेला आहे. मतदान घ्या."

हात वर झाले. अजित सरांनी मोजले. परत मोजले. सात इकडे, सात तिकडे. अभय सर विरोधात, पेठे सर विरोधात. आम्ही एकमेकींचे हात असे घट्ट धरलेले की माझ्या मनगटावर अजून वळ आहेत, बघ.

आता नियम असा की अध्यक्ष एरवी मत देत नाहीत. पण बरोबरी झाली तर त्यांचं एक मत असतं, निर्णायक. अजित सर वाकून हळूच म्हणाले, पण आम्हाला ऐकू आलं, "मॅडम, संकेत असा आहे की निर्णायक मत आहे ती परिस्थिती राखण्यासाठी द्यायचं. म्हणजे पुढे ढकलण्याच्या बाजूने."

मॅमनी विचारलं, "नियम आहे की संकेत?"

"संकेत."

"अजितराव, लेक्चरर होते तेव्हा मला सांगितलं, तुझ्या हातात काही नाही. एचओडी होते तेव्हा तेच. प्राचार्य झाले, डीन झाले, तरी तेच. आज पहिल्यांदा खरंच माझ्या हातात काहीतरी आलंय. आणि ते मी खाली ठेवू?"

आणि हात वर केला. सरळ, कोपर न वाकवता, शाळेतल्या मुलीसारखा. फक्कीने पांढरा झालेला हात. आणि अजित सर लिहून घेईपर्यंत खाली घेतलाच नाही.

पास! अरे पास! आम्ही किंचाळलो. वैभवदादाने उरलेली फक्की हवेत उडवली, ती सगळी अभय सरांच्या कोटावर. सॉरी म्हणाला, पण हसत म्हणाला.

पेठे सर उठले. मला वाटलं चिडून निघाले. ते मॅमपाशी थांबले आणि म्हणाले, "मी विरोधात मत दिलेलं आहे. इतिवृत्तात स्पष्ट नोंदवलं जावं."

"नोंदवते सर."

"पद्धत चुकीचीच होती."

"हो सर."

मग ते जपून, रेघ न मोडता, दारातून आत गेले. म्हणजे फक्कीच्या दारातून, हां. जिना चढल्यासारखं केलं, तिसऱ्या जिन्याच्या माथ्यावर उभे राहिले, डावीकडे वळले, उजवीकडे वळले, आणि छत्रीने खूण करून म्हणाले, "इथली दोन्ही दारं बाहेर उघडतात. दोघी एकाच वेळी बाहेर पडल्या तर एकमेकींना आपटतील. आत उघड."

मॅम गेल्या, बघितलं. खरंच आपटत होती. त्या खाली बसल्या, हाताने ती फक्की पुसली, आणि पाठमोऱ्याच ओरडल्या, "आरोही! टेप आण. आणि अक्षदाला बोलाव, तिला समोरच्या दारात उभी कर."